हवेतला नायट्रोजन आलेखात का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात तुम्ही एफटीआयआर उपकरणावर एका संयुगाचा वर्णपट, म्हणजे त्याने कोणता अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश किती शोषला याचा आलेख, घेतला आणि त्यात २३५० तरंगसंख्येच्या (हे माप पुढे सांगते) आसपास दोन शिंगांसारखे जोडशिखर उमटले. शिक्षकांनी ‘ते हवेचे आहे, सोडून दे’ असे सांगितले. त्यावर तुमची शंका अशी की हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असताना त्यांचे एकही शिखर येत नाही, आणि जेमतेम ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड मात्र ठसठशीत दिसतो, हे कसे? त्याला जोडून तुम्ही असेही विचारले आहे की रेणूच्या ऊर्जापातळ्या जर ठरावीक असतात, तर अतिनील-दृश्य वर्णपटात रुंद टेकड्या, अवरक्तात मध्यम जाडीचे पट्टे आणि एनएमआरमध्ये (चुंबकात ठेवलेल्या अणुगर्भांच्या पातळ्या रेडिओलहरींनी तपासतात त्यात) सुईसारख्या रेषा, असा फरक का पडतो?

पुण्यातल्या एका विश्लेषण प्रयोगशाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ हीच उपकरणे हाताळत आले आहे. ‘सोडून दे’ हा सल्ला व्यवहारात बहुतेक वेळा बरोबर असतो. पण तो कधी चुकतो हे कळायचे असेल तर तुमच्या शंकेच्या मुळाशी जावे लागते. पाठ्यपुस्तकात ‘दोन पातळ्यांमधील अंतर म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता’ हे समीकरण पहिल्याच पानावर येते आणि विद्यार्थी ते इतके पाठ करतात की ऊर्जा जुळली की शोषण झालेच पाहिजे, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ते समीकरण निम्मीच अट सांगते. उरलेली निम्मी अट अशी की प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला त्या रेणूत धरण्याजोगे काहीतरी सापडले पाहिजे. जात्याला खुंटाच नसेल तर हातात कितीही जोर असला तरी पाळू फिरत नाही.

आधी मापांचे पाहू. वर्णपटमापनात आम्ही ऊर्जा तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग मावतात त्या आकड्यात मोजतो. एक कोटीला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की तरंगसंख्या मिळते, आणि एक तरंगसंख्या म्हणजे ३० गिगाहर्ट्झ. रेणू स्वतःभोवती फिरण्याच्या पातळ्यांमधील अंतर एखाद्या तरंगसंख्येपासून काही दशकांपर्यंत असते, म्हणून परिभ्रमणाचा वर्णपट सूक्ष्मतरंगांत आणि दूरच्या अवरक्तात मिळतो. बंधांची कंपने काही शेकड्यांपासून ४००० पर्यंत, म्हणजे अवरक्तात येतात. बंधांतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर न्यायला दहा हजारांहून अधिक लागतात; ते दृश्य आणि अतिनील भागाचे काम. अणूच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन हलवायला लाखो तरंगसंख्यांचे क्ष-किरण लागतात, आणि तिथे रेणूपेक्षा मूलद्रव्याचीच ओळख अधिक पटते, त्यामुळे तो भाग इथे सोडून देते. दुसऱ्या टोकाला, ४०० मेगाहर्ट्झच्या एनएमआरमध्ये ९.४ टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉनच्या दोन पातळ्यांमधील अंतर अवघे ०.०१३ तरंगसंख्या असते.

आता तुमच्या जोडशिखराकडे वळते. कार्बन डायऑक्साइडच्या असममित ताणकंपनाची तरंगसंख्या २३४९ आहे. या कंपनात मधला कार्बन एका ऑक्सिजनकडे सरकतो आणि दुसऱ्यापासून दूर जातो. नायट्रोजनच्या रेणूचे ताणकंपन २३३० ला आहे. दोघांत फक्त १९ चा फरक. शाळेच्या पट्टीवर काढलेल्या आलेखात ही दोन ठिकाणे जवळपास एकावर एक येतील. तुमच्या उपकरणातल्या दिव्यातून २३४९ चा प्रकाश जेवढा येतो तेवढाच २३३० चाही येतो आणि त्याच्या वाटेत नायट्रोजनचे रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजारपट असतात. तरीही तिथे काही दिसत नाही. ऊर्जा जुळणे पुरेसे नाही याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही, आणि तो प्रत्येक महाविद्यालयाच्या उपकरणात फुकट मिळतो.

कारण असे आहे. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र धन आणि ऋण भारांना विरुद्ध दिशांना ओढते. रेणू कंप पावताना त्यातील धन आणि ऋण भारांची केंद्रे जर एकमेकांच्या सापेक्ष पुढेमागे होत असतील, म्हणजे त्याचे द्विध्रुव आघूर्ण बदलत असेल, तरच क्षेत्राला त्या कंपनात ऊर्जा घालता येते. नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखेच. बंध कितीही ताणला किंवा दाबला तरी दोन्ही केंद्रे मधोमधच राहतात. इथे खुंटा नाही. याउलट कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्यातही इलेक्ट्रॉन १४ आणि वस्तुमानही २८, म्हणजे तो नायट्रोजनचा जवळजवळ जुळा भाऊच. पण दोन टोके वेगळी असल्यामुळे त्याचे कंपन २१४३ ला अवरक्तात स्पष्ट दिसते आणि त्याचे परिभ्रमणही ११५.२७ गिगाहर्ट्झपासून पुढे रेषा देते. नायट्रोजन दोन्हीकडे मुका.

इथे एक नेहमीची चूक सांगितली पाहिजे, कारण तोंडी परीक्षेत ती दर वर्षी ऐकू येते. ‘कार्बन डायऑक्साइड अध्रुवीय आहे, मग तो अवरक्त कसा शोषतो?’ असे विचारले की विद्यार्थी अडखळतात. स्थिर अवस्थेत त्याचे द्विध्रुव आघूर्ण शून्यच आहे. पण अट आघूर्ण असण्याची नाही, कंपनाबरोबर ते बदलण्याची आहे. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येतात तेव्हा ते बदलत नाही, म्हणून सममित ताणकंपन अवरक्तात दिसत नाही. असममित ताणकंपनात आणि ६६७ च्या वाकण्याच्या कंपनात ते बदलते, म्हणून ती दोन्ही दिसतात. एकाच रेणूतली एक हालचाल प्रकाशाला दिसते आणि दुसरी दिसत नाही, हे लक्षात ठेवले तर ‘ध्रुवीय’ आणि ‘अध्रुवीय’ या शिक्क्यांवर विसंबण्याची सवय सुटते.

मग नायट्रोजनचे कंपन कधीच पाहता येत नाही का? येते, पण दुसऱ्या दाराने. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह जो परिणाम जाहीर केला, त्यात प्रकाश शोषला जाण्याची गरजच नसते; तो रेणूवरून विखुरतो आणि विखुरताना साधारण कोटीत एखादा फोटॉन कंपनापुरती ऊर्जा रेणूपाशी ठेवून पुढे जातो. या वाटेला लागणारा खुंटा वेगळा आहे. कंपनाबरोबर इलेक्ट्रॉनांचा मेघ कमी-अधिक सैल झाला पाहिजे, म्हणजे रेणूची ध्रुवणक्षमता बदलली पाहिजे. नायट्रोजनचा बंध ताणला की त्याचा मेघ सैल होतो, त्यामुळे रामन वर्णपटात तो बोलू लागतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर म्हणजे १८७९७ तरंगसंख्या. त्यातून २३३० वजा केले की १६४६७ उरतात, म्हणजे ६०७ नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश.

एकदा एका अतिशय क्षीण नमुन्याचा रामन वर्णपट घेण्यासाठी आम्ही बराच वेळ प्रकाश जमा करत ठेवला होता. २३३० ला बारीकसे टोक आले आणि १५५५ च्या जवळ दुसरे. हाताखालच्या मुलाने २३३० चे टोक नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधाच्या) गटाचे म्हणून वहीत नोंदवूनही टाकले. मी त्याला नमुना काढून रिकाम्या जागेवर तोच स्कॅन पुन्हा घ्यायला लावला, आणि दोन्ही टोके जशीच्या तशी आली. पहिले खोलीतल्या नायट्रोजनचे होते, दुसरे ऑक्सिजनचे.

नायट्रोजनच्या या मुकेपणाचा आम्ही रोज उपयोग करून घेतो. एफटीआयआरच्या पेटीतून बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हाकलायचे असतील तर आतून कोरडा नायट्रोजन सोडतात. तो तिथे असून नसल्यासारखा असतो. वातावरणाचेही हेच आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या मोजमापांत कोरडी शुद्ध हवा उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवत नाही आणि बाष्प व कार्बन डायऑक्साइड अडवतात, हे दाखवून दिले. पृथ्वीवरून बाहेर जाणारे अवरक्त किरण ज्या पट्ट्यात जोरकस असतात, नेमके त्याच पट्ट्यात कार्बन डायऑक्साइडचे ६६७ चे वाकणे पडते. हवेतले ९९ टक्के वायू या हिशेबात मोजलेच जात नाहीत, हे ऐकून माणसे चकित होतात. पण तुमच्या प्रात्यक्षिकातला आलेख तेच सांगत होता.

आता शिंगे दोन का? वायूतला रेणू कंप पावतो तेव्हा तो फिरतही असतो. २३४९ चा फोटॉन गिळताना त्याच्या परिभ्रमणाची पातळी एका पायरीने वर किंवा एका पायरीने खाली जाते. ती जागच्या जागी राहणे या कंपनात निषिद्ध आहे, कारण इथे बदलणारे द्विध्रुव आघूर्ण रेणूच्या अक्षाच्या दिशेनेच असते. म्हणून नेमक्या २३४९ ला खाच पडते आणि दोन्ही बाजूंना बारीक रेषांचे दोन झुबके येतात, एक २३४० च्या आणि दुसरा २३६० च्या आसपास. ४ तरंगसंख्यांच्या विभेदनावर (त्याहून जवळच्या रेषा उपकरण वेगळ्या दाखवत नाही), म्हणजे प्रात्यक्षिकाला सहसा ठेवतात त्यावर, या रेषा वेगळ्या दिसत नाहीत आणि झुबक्यांची शिंगे होतात. उपकरण ०.५ विभेदनापर्यंत जात असेल तर एकदा तसा स्कॅन घेऊन पाहा. शिंगे विरघळून दीड-दीड तरंगसंख्येच्या अंतरावर कंगव्यासारखे दात दिसू लागतील.

वाकण्याच्या कंपनात मात्र आघूर्ण अक्षाला काटकोनात बदलते, आणि तिथे परिभ्रमण न बदलता झालेले संक्रमणही चालते. अशी सगळी संक्रमणे जवळजवळ एकाच जागी साचतात, त्यामुळे ६६८ च्या जवळ एकच उंच, टोकदार काटा उभा राहतो. एकाच वायूचे, एकाच आलेखातले हे दोन वेगळे आकार. तुमच्या आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला हा काटा असणारच. बहुतेक जण तिकडे पाहत नाहीत.

या शिंगांची रुंदी कशावरून ठरते, याचे उत्तर तापमानात आहे. सामान्य तापमानाला रेणूंच्या धक्काबुक्कीतून मिळणारी ऊर्जा सुमारे २०७ तरंगसंख्या असते. हा आकडा माझ्या मते पाठ करण्याजोगा आहे, कारण कोणत्या पातळीवर किती रेणू असतील हे त्यावरून लगेच कळते. परिभ्रमणाच्या पायऱ्या त्यापेक्षा फार लहान, म्हणून रेणू कित्येक पायऱ्यांवर पसरलेले असतात आणि प्रत्येक पायरीवरून निघणारी रेषा वेगळी पडते. २३४९ ची पायरी त्याच्या अकरापट उंच, म्हणून जवळजवळ सगळे रेणू कंपनाच्या तळाशीच असतात. लाखात एखादाच वर सापडेल. एनएमआरची पायरी इतकी ठेंगणी की खालच्या आणि वरच्या पातळीतली गर्दी जवळपास सारखी असते. ४०० मेगाहर्ट्झला दहा लाख प्रोटॉनांमागे खालच्या बाजूला जास्तीचे ३२ सापडतात आणि सगळा संदेश त्या ३२ वर उभा राहतो. कार्बन-१३ च्या (कार्बनच्या विरळ, चुंबकी अणुगर्भाच्या प्रकाराच्या) वर्णपटासाठी रात्रभर हजारो स्कॅन का घ्यावे लागतात, हे आता उघड आहे. संदेश स्कॅनांच्या पटीत वाढतो, गोंगाट त्याच्या वर्गमुळाच्या पटीत.

रेषांच्या जाडीचा तुमचा दुसरा प्रश्न बराचसा वेळेचा आहे. उद्दीपित अवस्था जितकी कमी काळ सुरळीत टिकते तितकी तिची ऊर्जा अस्पष्ट होते. द्रवातल्या रेणूच्या कंपनाची लय शेजाऱ्यांच्या धडकांमुळे पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) सुमारास बिघडते. एका पिकोसेकंदाला सुमारे १० तरंगसंख्यांची रुंदी असा हिशेब येतो, आणि अवरक्तातले पट्टे साधारण त्याच जाडीचे असतात. वायूत धडका विरळ असल्यामुळे तीच रेषा एका तरंगसंख्येच्या एक-दोन दशांशांवर येते. अणुगर्भाचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनांच्या आड सुरक्षित असल्यासारखे असते, शेजाऱ्यांच्या धक्क्यांची त्याला फारशी खबर लागत नाही, आणि त्याची लय सेकंदभर टिकू शकते. म्हणून ४० कोटी हर्ट्झमध्ये एखाद्या हर्ट्झची सुई मिळते.

द्रवाच्या गर्दीत परिभ्रमण तर जवळजवळ संपतेच. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनबद्दल ‘पाण्याच्या रेणूच्या परिभ्रमणाची नेमकी वारंवारता वापरतात’ असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. बाष्पातील पाण्याची त्या भागातली ओळखीची रेषा २२.२३५ गिगाहर्ट्झला आहे. ओव्हनमध्ये द्रव पाण्याचे रेणू बदलत्या क्षेत्राबरोबर वळायला धडपडतात, शेजाऱ्यांना घासत मागे पडतात आणि त्यातून उष्णता निघते. तिथे पातळ्यांचे ठरावीक संक्रमण नाही. गोठवलेल्या वाटाण्यांवरचा बर्फ वितळायला इतका वेळ घेतो तो त्यामुळेच. बर्फात वळायला जागाच नसते.

अतिनील-दृश्य भागातल्या टेकड्यांना मात्र जाडीचे वेगळे कारण आहे. इलेक्ट्रॉन फेमटोसेकंदाच्या (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) आसपासच्या काळात वर जातो आणि जड अणुगर्भ तेवढ्यात जागचे हलत नाहीत. नव्या अवस्थेत बंधांची सोयीची लांबी वेगळी असते, त्यामुळे रेणू तिथे पोहोचतो तेव्हा आपोआप कंपनाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर जाऊन पडतो. त्या प्रत्येक पायरीची एक रेषा, आणि तिच्यावर दर रेणूला द्रावकाचा थोडा वेगळा धक्का. टेकडी म्हणजे अशा असंख्य रेषांचा ढीग. बेंझिनच्या वाफेचा वर्णपट घेतला तर २३० ते २७० नॅनोमीटरच्या दरम्यान सुमारे ९२० तरंगसंख्यांच्या अंतराने दात स्पष्ट मोजता येतात. तेच अल्कोहोलमध्ये बोथट होतात. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणाचे तर गंमतीचे आहे. ५२५ ला मुख्य शिखर, ५४५ ला दुसरे आणि ५०७ जवळ खांदा आला की नवखे विद्यार्थी उपकरण बिघडले म्हणून तक्रार घेऊन येतात. ५२५ आणि ५४५ यांमधले अंतर तरंगसंख्येत काढा, सुमारे ७०० येईल, आणि ते मँगनीज-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाचे आहे. उपकरण चांगले असल्याची ती पावती आहे.

घरात करून पाहण्याजोगा प्रयोग हवा असेल तर हळद घ्या. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये हलवून गाळली की पिवळे द्रावण मिळते. त्यातल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्यामध्ये दोन बेंझिन वलयांना जोडणारी सात कार्बनांची साखळी आहे आणि एकाआड एक दुहेरी बंधांमुळे इलेक्ट्रॉनांना या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे आवार मिळते. आवार जितके लांब तितकी पायरी ठेंगणी: एथिलीनला १७० नॅनोमीटरच्या आसपासचा दूरचा अतिनील प्रकाश लागतो, ब्युटाडाइनला २१७, आणि कर्क्युमिन ४२५ च्या निळ्या-जांभळ्या प्रकाशावर भागवते, तो निळा गेला की आपल्याला पिवळे उरते. खोलीत अंधार करून त्या द्रावणावर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च धरा. द्रावण हिरवट चमकेल, कारण वर गेलेला रेणू आधी कंपनाच्या पायऱ्या उतरतो, थोडी ऊर्जा द्रावकाला देऊन टाकतो आणि उरलेली कमी ऊर्जेचा प्रकाश म्हणून बाहेर सोडतो. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तिथे अल्कलीने रेणूतला प्रोटॉन काढून घेतलेला असतो, इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात आणि शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते. तोच डाग उन्हात वाळवला की फिका पडतो. शोषलेली ऊर्जा तिथे रेणू मोडण्यात खर्ची पडते.

खुंटा किती बारीक असला तरी चालतो, याचे टोकाचे उदाहरण आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हायड्रोजन अणूची २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झची रेषा टिपतात. हे संक्रमण रेणूचे नाही, अणूचे आहे. पण मुद्दा तोच. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या फिरकीची परस्परदिशा उलटण्याचे हे काम विद्युत द्विध्रुवाने होतच नाही, अत्यंत दुबळ्या चुंबकी मार्गाने होते, आणि एकट्या अणूला त्यासाठी सरासरी १ कोटी १० लाख वर्षे लागतात. अवकाशात हायड्रोजन अफाट असल्यामुळेच ती रेषा आपल्यापर्यंत पोहोचते. त्याच अवकाशातला थंड रेणवीय हायड्रोजन मात्र नायट्रोजनसारखाच मुका आहे, म्हणून त्याचा ठावठिकाणा खगोलशास्त्रज्ञ सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडच्या ११५ गिगाहर्ट्झच्या रेषेवरून लावतात. ती रेषा खोडदला दिसणार नाही. तिची तरंगलांबी २.६ मिलिमीटर आहे आणि तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी सलग आरशासारखी असते, पण एवढी बारीक लहर छिद्रांतून निघून जाईल. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असते, तेव्हा जाळी जवळून पाहून या.

शेवटी ‘सोडून दे’ या सल्ल्याबद्दल. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या एका आषाढात मी एका औषधी मध्यस्थ संयुगाचा (औषध बनवताना मधल्या टप्प्यावर मिळणाऱ्या पदार्थाचा) नमुना पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर अगेटच्या खलात घोटून, चकती दाबून तपासला होता. ३४०० ला ऐसपैस पट्टा आला आणि मी अहवालात ‘हायड्रॉक्सिल गट असलेली अशुद्धी’ असे ठामपणे लिहिले. चार दिवस नमुना पाठवणाऱ्यांचा माल अडकून पडला. पुन्हा तपासणी करताना ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, “१६४० पाहिलंस का?” पाहिले नव्हते. पाण्याच्या वाकण्याचे कंपन तिथे येते, आणि आलेखात ते स्वच्छ होते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले ब्रोमाइड हवेतले पाणी ओढून बसले होते. ११० अंशांवर रात्रभर वाळवलेले ब्रोमाइड घेऊन, चकती पटकन दाबून पुन्हा पाहिले तर दोन्ही पट्टे गेले. तेव्हापासून कोणत्याही शिखराला नाव देण्याआधी मी त्याचा जोडीदार शोधते. रेणू एकाच कंपनावर थांबत नाही. त्याचे एक कंपन दिसले तर दिसू शकणारी बाकीचीही दिसायला हवीत.

तुमच्या बाबतीत तो जोडीदार म्हणजे ६६८ चा काटा. बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्याशिवायचा स्कॅन, घेताना आणि नमुना तपासताना पेटीतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलले की शिंगे येतात. नमुना ठेवताना तुम्ही पेटीवर वाकून श्वास सोडला असेल तर ती शोषणाच्या दिशेने येतात, आणि बॅकग्राउंडच्या वेळी तसे झाले असेल तर उलटी. दोन्ही वेळा ६६८ चा काटा त्याच दिशेने हलतो. पेटी बंद करून पाच मिनिटे थांबा, दोन्ही स्कॅन पुन्हा घ्या. शिंगे आणि काटा बरोबरच घटले तर शिक्षक म्हणाले ते खरे आहे. पण २३५० च्या जवळ शिखर आहे आणि ६६८ स्वस्थ आहे, असे दिसले तर थांबा. शिखर २२७० कडे झुकलेले आणि जोरकस असेल तर संयुगात आयसोसायनेट (नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन ओळीने जोडलेला) गट आहे का ते पाहा. २२२० ते २२६० च्या दरम्यान बारीक असेल तर नायट्राइल. आणि २३३८ च्या जवळ खाच नसलेले एकच अरुंद शिखर असेल, तर तो कार्बन डायऑक्साइडच असू शकतो, पण खोलीतला नव्हे. तो तुमच्या नमुन्याच्या आत अडकलेला आहे, शेजाऱ्यांच्या दाटीत त्याला फिरता येत नाही आणि म्हणून त्याची शिंगे गेली आहेत. अशा वेळी नमुना सौम्य तापवून निर्वातात ठेवा आणि ते शिखर कमी होते का, ते पाहा.